संकेतस्थळांचे कारागीर आणि व्याख्यानपीठ

न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकारानें १८७५ सालीं पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तेव्हांपासून सार्वजनिक व्याख्यान महाराष्ट्राच्या अंगवळणीं पडलें आहे. परंतु तेथें बहुधा विद्वानांनीं बोलावें व इतरांनीं ऐकावें असा प्रघात. संकेतस्थळांच्या सॉफ्टवेअरविषयीं हल्लीं ज्या परिषदा भरतात त्यांची रीत निराळी आहे. तेथें वक्ता व श्रोता एकाच धंद्यांतील सोबती असतात.

या रीतीचें मूळ त्या सॉफ्टवेअरच्या स्वरूपांत आहे. एप्रिल १९९३ मध्यें जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेनें वेबचें मूळ सॉफ्टवेअर सर्वांस खुलें केलें. पुढें २००१ सालीं ड्रुपल व २००३ सालीं वर्डप्रेस निघालें. हीं दोन्ही कोणींही विनामूल्य घ्यावींत, उघडून पाहावींत, सुधारावींत आणि सुधारलेलीं इतरांस द्यावींत, अशी त्यांच्या परवान्यांत मुभा आहे. अशा सामाईक विहिरीचा गाळ उपसण्यास पाणी भरणारांनींच जमावें लागतें. ड्रुपलची आशियांतील परिषद फेब्रुवारी २०१६ मध्यें पवईच्या आय. आय. टी.त भरली. वर्डप्रेसच्या परिषदांस वर्डकँप म्हणतात. त्या मुंबई, पुणें व नाशिक येथेंही झाल्या आहेत. त्यांचे आयोजक व वक्ते बिनमोबदला काम करतात. बोलूं इच्छिणारानें आपल्या विषयाचें टिपण आगाऊ पाठवावयाचें असतें.

वसई-विरारच्या एखाद्या होतकरू कारागिरानें लोकलची गर्दी सोसून तेथें जावें आणि सांगावें तरी काय? समजा, त्यानें अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरील एका विश्रामगृहाचें संकेतस्थळ केलें. एका गिऱ्हाइकानें आपला दूरध्वनिक्रमांक मराठी आंकड्यांत लिहिला आणि संकेतस्थळानें तो चुकीचा ठरविला. कारण संगणकाच्या लेखीं प्रत्येक अक्षरास व आंकड्यास ठराविक क्रमांक असतो. इंग्रजी पांचाचा क्रमांक ५३, तर मराठी पांचाचा २४११. तपासणी करणारी आज्ञा पुष्कळदां ४८ ते ५७ एवढेच, म्हणजे इंग्रजी शून्य ते नऊ, ओळखते. उपाय सोपा आहे. तपासणीपूर्वीं प्रत्येक मराठी आंकड्याच्या क्रमांकांतून २३५८ वजा केले कीं त्याचा इंग्रजी आंकडा होतो.

एका व्याख्यानास एवढा विषय पुरेसा आहे. वक्त्यानें आधीं अडचण दाखवावी, मग कोणते उपाय फसले तें सांगावें, नंतर यशस्वी उपाय व त्याच्या मर्यादा मांडाव्या. पडद्यावरील अक्षर शेवटच्या रांगेंतून वाचतां यावें. आपल्या दुकानाची जाहिरात करूं नये आणि प्रश्नांकरितां वेळ राखावा. इंग्रजी मोडकें आहे म्हणून मागें सरण्याचें कारण नाहीं. श्रोत्यांस भाषेच्या डौलापेक्षां अनुभवाचें मोल अधिक असतें.

हा संकोच महागांत पडतो. परदेशांत बसून तें सॉफ्टवेअर लिहिणारास मराठी आंकडे लिहिणारें गिऱ्हाईक सहसा भेटतच नाहीं. ज्यास तें भेटतें तो गप्प राहिला, तर दोष तसाच राहून हजारों संकेतस्थळांवर पसरतो. तो बोलला, तर सभेंतील दुसरा कोणी ती दुरुस्ती मूळ सॉफ्टवेअरपर्यंत पोंचविण्यास हात देतो, आणि आपलें नांव वा क्रमांक मराठींत लिहिणारा माणूस पुढच्या खेपेस चुकीचा ठरत नाहीं.