माशीची चढण आणि मज्जेचा ऱ्हास

हिंगणघाटच्या बाजारात पिकल्या केळ्यांच्या घडाभोवती जी इवलीशी चिलटे घोंगावतात, त्यांच्याच जातकुळीतील ड्रॉसोफिला ही माशी मज्जासंस्थेच्या ऱ्हासरोगांच्या अभ्यासात पाव शतकाहून अधिक काळ उपयोगात आहे. संत्र्याचे बागाईतदार जिला फळमाशी म्हणतात, ती निराळ्या कुलातील असून झाडावरील फळात अंडी घालते. एकाच नावाखाली दोन कीटक नांदत असल्यामुळे हा भेद आरंभीच ध्यानी घेणे इष्ट.

तळाशी पाडली असता ही माशी उपजत प्रवृत्तीने वर चढू लागते. दहावीस माशा काचनळीत घालून नळी हलकेच आपटावयाची आणि दहा सेकंदांत ठरावीक खुणेपलीकडे किती पोचल्या ते मोजावयाचे, एवढीच ही रीत. वयोमानाप्रमाणे निरोगी माशीचीही चढण मंदावते. इ. स. २००० मध्ये फीनी व बेंडर यांनी कंपवाताशी संबंधित असे अल्फा-सायन्युक्लीन हे मानवी प्रथिन माशीच्या चेतापेशींत निर्माण करविले. तेव्हा ही मंदगती अकालीच अवतरली. डोपामीन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाशही त्यांनी नोंदविला. तथापि २००५ मध्ये दुसऱ्या एका गटास अशाच माशांत त्या पेशींची संख्या यथास्थित आढळली.

चढण मंदावणे हे लक्षण आहे, निदान नव्हे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील ओबेद सिद्दिकी यांनी सीमोर बेंझर यांच्यासमवेत १९७६ मध्ये ज्या उत्परिवर्तित माशांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्या उष्णतेत लुळ्या पडत आणि गारव्यात पुन्हा चालू लागत. तेथे चेतासंदेश तात्पुरता खंडित होई. पेशी मरत नसत. केवळ नळीतील आकडा पाहणाऱ्यास मात्र ही माशी आणि ऱ्हास पावलेली माशी सारखीच भासेल. शब्द एक आणि अर्थ अनेक, अशातलाच हा प्रकार होय.

या दृष्टीने पुण्याच्या आयसर संस्थेतील गिरीश रत्नपारखी यांच्या गटाचे काम उद्बोधक आहे. स्नायू लुळे करणाऱ्या ए. एल. एस. या रोगाचा एक प्रकार वॅप-बी जनुकातील बदलामुळे उद्भवतो, हे २००४ मध्ये ब्राझीलमधील कुटुंबांवरून कळले. प्रथिनातील ५६ व्या स्थानी प्रोलीनऐवजी सेरीन येते. माशीत तेच स्थान ५८ वे. अशा सदोष प्रथिनाच्या पेशींत गुठळ्या होतात. सॉड-१ या जनुकाचे कार्य घटविल्यास त्या कमी होतात, असे या गटाने २०१९ मध्ये दाखविले. परंतु गुठळी विरली म्हणजे चाल सुधारलीच, असे गृहीत धरता येत नाही. दोहोंचे मापन स्वतंत्रपणे करावे लागते. एखादे औषध रुग्णापर्यंत नेण्याचा विचार असेल, तर या दोन गोष्टींतील गल्लत महागात पडेल.

मापनातही अवधान हवे. तुलनेच्या माशा एकाच वयाच्या, एकाच लिंगाच्या आणि रोगजनुक वगळता समान आनुवंशिक घडणीच्या असाव्यात. दिवसाची वेळ बदलली की हालचाल बदलते. कार्बन डायऑक्साइडने बेशुद्ध केलेल्या माशांना सावरण्यास किमान एक दिवस द्यावा. एका नळीतील वीस माशा एकत्र वाढलेल्या आणि एकत्रच हादरलेल्या असतात. म्हणून त्यांना वीस स्वतंत्र साक्षीदार न मानता नळी हेच एकक धरणे अधिक प्रामाणिक ठरते, मग त्यासाठी नळ्यांची संख्या वाढवावी लागली तरी चालेल.