तिच्याच रक्तातली फौज

माझी मावशी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेली. वस्तीत बाया एवढंच म्हणत, 'तिला अंगावरून जातंय.' म्हणून अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा २०१५ सालचा प्रयोग मी पुन्हा पुन्हा वाचला. या रोगामागे बहुतेकदा एचपीव्ही हा विषाणू असतो. गाठीत शिरलेल्या, पण तिथे हतबल झालेल्या टी-पेशी डॉक्टरांनी बाहेर काढल्या. विषाणूची प्रथिने ओळखणाऱ्या शक्यतो निवडल्या, अब्जावधींनी वाढवल्या आणि शिरेतून परत सोडल्या. रोग अंगभर पसरलेल्या ९ स्त्रियांपैकी तिघींच्या गाठी आटल्या, त्यांतल्या दोघींच्या पार नाहीशा झाल्या. हे थोडे नव्हे. पण हे औषध एकेकीसाठी, तिच्याच मांसातून घडवावे लागते. गोळ्यांसारखे कारखान्यात पाडता येत नाही. मजुरणीला ते कधी मिळणार? मावशीची तर साधी तपासणीही झाली नव्हती.