चुकलेल्या राखणदाराची समजूत

माझ्या धाकट्या बहिणीला गव्हाची पोळी सोसत नाही. डॉक्टर म्हणाले, सिलिअ‍ॅक रोग. आईने विचारले, "अरे, अन्न कधी वैरी होतं का?" घरात कॉलेजात शिकणारा मी पहिलाच, उत्तर शोधणे माझ्याकडेच आले.

रक्तातील पांढऱ्या पेशी हे शरीराचे राखणदार. या रोगात ते गव्हातील ग्लूटेन या प्रथिनाला चोर समजतात आणि त्या झटापटीत आपल्याच आतड्याचे अस्तर झिजवतात. सगळ्याच राखणदारांना औषधाने निजवावे, तर रोगजंतूंना रान मोकळे! समजूत घालायची ती चुकलेल्यांचीच.

अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या स्टीफन मिलर यांनी त्यासाठी नॅनोकण वापरले. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. विरघळणाऱ्या टाक्यांच्या जातीच्या पदार्थाचे हे कण. पोटात ग्लूटेनमधील ग्लायडिन. शिरेतून दिल्यावर प्लीहा व यकृतातील पेशी त्यांना मृत पेशींचा केरकचरा समजून गिळतात आणि आरडाओरडा न करता राखणदारांना ग्लायडिनची ओळख करून देतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांना दोन आठवडे ग्लूटेन खाऊ घातले. कण घेतलेल्यांत राखणदारांचा उठाव इतरांपेक्षा बराच कमी दिसला.

हा उपचार अजून प्रयोगावस्थेतच आहे. तोवर ज्वारीची भाकरी आहेच; तीत ग्लूटेन नसते. आईला मी एवढेच सांगितले, "अन्न वैरी नाही, आई, ओळख चुकली आहे."