पंच्याऐंशीवरून सातवर

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातले अ‍ॅन आर्बर हे विद्यापीठाचे शहर. २०१६च्या ऑक्टोबरमध्ये या शहराच्या नकाशावरचा दूषित भूजलाचा डाग एकाएकी मोठा झाला. तेव्हा कुठे टाकी फुटली नव्हती की कोणत्या कारखान्याने रसायन सोडले नव्हते. जमिनीखालचे पाणी आदल्या दिवशी होते तसेच होते. बदलला होता तो राज्याच्या नियमातला एक आकडा. पूर्वी तो ८५ होता, आता ७.२ झाला.

हा आकडा १,४-डायॉक्सेन या द्रावकाचा. पिण्याच्या पाण्याच्या एक अब्ज भागांत त्याचे किती भाग चालतील, हे तो सांगतो. अब्जाचा हिशेब डोक्यात बसत नाही, टँकरचा बसतो. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये या रसायनाचे सोळा-सतरा थेंब मिसळले की ८५ची मर्यादा गाठली जाते. ७.२ला दीड थेंब पुरतो.

शहराच्या पश्चिमेला लागून गेलमन सायन्सेस ही कंपनी होती. रुग्णालये आणि प्रयोगशाळांसाठी ती सूक्ष्म फिल्टर बनवत असे आणि त्या कामात १९६६ ते १९८६ अशी वीस वर्षे डायॉक्सेन वापरले गेले. सांडपाणी आवारातल्या तळ्यांत साठवले जाई, काही जमिनीवर फवारले जाई. गाळण्याची साधने बनवणाऱ्या कारखान्यातून न गाळता येणारी गोष्ट जमिनीत गेली. १९८०च्या दशकाच्या मध्यास एका विद्यार्थ्याला जवळच्या सरोवराच्या पाण्यात हे रसायन सापडले. पुढे परिसरातल्या घरांच्या बोअरमध्येही ते निघाले.

‘न गाळता येणारी’ हे जवळजवळ शब्दशः खरे आहे. पेट्रोल जमिनीत गळले तर ते मातीला धरून राहते, पाण्यावर तरंगते, जिवाणू त्याचे हळूहळू विघटन करतात. डायॉक्सेन पाण्यात साखरेसारखे पूर्ण विरघळते, मातीला चिकटत नाही आणि जिवाणूंना सहसा दाद देत नाही. पाण्यातून हवा फुंकूनही ते फारसे निघत नाही. त्याचा उत्कलनबिंदू १०१ अंश, म्हणजे जवळजवळ पाण्याइतकाच, त्यामुळे पाणी उकळून पिण्याचा उपायही इथे भरवशाचा नाही. ते नष्ट करायचे तर पाणी उपसून ओझोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या रसायनांनी त्याचे रेणू तोडावे लागतात. तोवर ते भूजलाबरोबर पुढे सरकत राहते. अ‍ॅन आर्बरखालचा पट्टा असाच काही किलोमीटर लांब झाला.

मग ८५ कुठून आला? असा आकडा ठरवताना आधी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून रसायन किती घातक आहे ते काढतात. त्यावर गृहीतके चढतात: माणसाचे वजन, रोज पिण्यात येणारे पाणी, एका घरात तो किती वर्षे राहील. शेवटी एक प्रश्न उरतो आणि त्याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही. आयुष्यभरात किती माणसांमागे कर्करोगाचा एक जादा रुग्ण चालवून घ्यायचा? दहा लाखांमागे एक, की लाखामागे एक? मिशिगनने १९९०च्या दशकात कायदा सैल करून लाखामागे एक हे प्रमाण धरले आणि डायॉक्सेनची मर्यादा ३वरून आधी ७७, मग ८५पर्यंत चढली. न्यू जर्सी राज्य दहा लाखांमागे एक हे माप लावते, म्हणून तिथे भूजलातली मर्यादा ०.४ आहे. न्यूयॉर्कने २०२०मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी १ ठरवली. देशपातळीवर पिण्याच्या पाण्यात या रसायनाला बंधनकारक मर्यादाच नाही. रसायन एकच, माणसेही तशीच, आणि राज्याची सीमा ओलांडली की सुरक्षिततेची व्याख्या बदलते.

विज्ञानाची बाजूही जागच्या जागी राहिली नाही. जपानमध्ये उंदरांवर झालेल्या नव्या प्रयोगांचा आधार घेऊन अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१०मध्ये या रसायनाचे फेरमूल्यांकन केले. त्यातून निघालेला कर्करोगाचा धोका जुन्या अंदाजाच्या सुमारे नऊपट होता. म्हणजे लाखामागे एक हे जुने, सैल माप कायम ठेवले तरी ८५ टिकत नव्हता. तो बदलायला राज्याला सहा वर्षे लागली. शहरात उथळ भूजलातही डायॉक्सेन सापडले आणि घरांच्या तळघरांपर्यंत ते पोचेल अशी शक्यता दिसली, तेव्हा कुठे नेहमीची लांबण बाजूला ठेवून तातडीचा नियम निघाला.

आकडे वारंवार बदलले तर सफाईचा खर्च मांडायचा कसा, असा उद्योगांचा आक्षेप असतो. तो अगदीच पोकळ नाही. न्यायालयात तडजोड होते, यंत्रणा बसते, आणि वीस वर्षांनी सांगितले जाते की माप चुकले होते. पण थांबण्याचा खर्च दुसऱ्या कुणाच्या तरी वहीत चढत असतो. २००१मध्ये अ‍ॅन आर्बरने पाणीपुरवठ्याची आपली एक विहीर बंद केली. तिच्यात सापडलेले डायॉक्सेन तेव्हाच्या मर्यादेच्या कितीतरी आत होते. कागदावर ते पाणी पिण्यायोग्य होते आणि शहराने ते लोकांना दिले नाही. २००५मध्ये न्यायालयाच्या आदेशाने शहराच्या एका भागात भूजल वापरायलाच बंदी आली. पाणी स्वच्छ करण्याऐवजी माणसांना पाण्यापासून दूर ठेवायचे, हाही कायद्याच्या भाषेत उपायच ठरतो. स्वस्त असल्यामुळे तो लोकप्रियही आहे.

नवा आकडा आला तरी पंप आपोआप वाढत नाहीत. ७.२ प्रत्यक्ष कामात कसा उतरवायचा यावर कंपनी, राज्य आणि स्थानिक संस्था यांच्यात पुन्हा वाटाघाटी झाल्या. तयार झालेला करार शहराला अपुरा वाटला. २०२१मध्ये न्यायाधीशांनी स्वतः एक योजना लागू केली आणि २०२२मध्ये अपील न्यायालयाने ती रद्द केली. २०२४मध्ये केंद्रीय पर्यावरण संस्थेने ही जागा देशातल्या सर्वांत दूषित ठिकाणांच्या ‘सुपरफंड’ यादीत घालण्याचा प्रस्ताव मांडला.

अ‍ॅन आर्बरचे सुमारे ८५ टक्के पाणी ह्युरॉन नदीवरच्या बार्टन तलावातून येते. योगायोगाने हाही ८५च. डायॉक्सेनचा पट्टा त्या तलावाकडे वळेल का, हा शहराचा खरा प्रश्न आहे. जमिनीखाली वाळू आणि चिकणमातीचे थर वेडेवाकडे असल्यामुळे पाणी नेमके कुठल्या वाटेने जाईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून जागोजागी निरीक्षण विहिरी खोदल्या आहेत आणि तिथले नमुने ठरलेल्या दिवशी तपासायला जातात.