तलंगीचे पहिले अंडे लहान का असते?

आपल्याकडे पुष्कळ घरांच्या परसात आजही चार-दोन कोंबड्या असतात. एखादी तलंग प्रथमच अंड्यावर आली की मुलांना मोठा आनंद होतो; पण ते अंडे हातात घेतल्यावर वडील माणसांचा चेहरा उतरतो. "एवढेसे अंडे! ही कोंबडी काही कामाची नाही," असा निकाल लागतो, आणि कधी कधी बिचारीची रवानगी लवकरच पातेल्यात होते. हा निकाल घाईचा आहे. अंड्याचा आकार कोंबडीच्या वयाबरोबर वाढत जातो. ही गोष्ट ज्या देशात वर्षानुवर्षे तराजूवर तोलून पाहिली गेली, त्या नेदरलँड्सची, म्हणजे आपण ज्याला हॉलंड म्हणतो त्या देशाची, थोडी माहिती आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हॉलंड आपल्या बेटाला परका नाही. १५९८ साली डच खलाशी येथे उतरले आणि आपला राजपुत्र मॉरित्स याचे नाव त्यांनी या बेटाला दिले. ऊस व हरणेही त्यांनीच जावाहून आणली. त्या देशात फेलुवे नावाचा रेताड प्रदेश असून त्याच्या कडेला बार्नेवेल्ड हे गाव आहे. अशा हलक्या जमिनीत धान्य बेताचेच पिके, म्हणून तेथील लहान शेतकऱ्यांनी कोंबड्या पाळून संसाराला हातभार लावला. इंग्लंडमधील गिऱ्हाइकांना गडद तपकिरी अंडी आवडत. तेव्हा गावठी कोंबड्यांचा आशियातून आलेल्या मोठ्या जातींशी संकर करून येथे 'बार्नेवेल्डर' ही जात तयार झाली. १९२१ साली तिच्या पालकांची संघटना निघाली. त्याच वर्षी हेग शहरात जगातील पहिली कुक्कुटपालन परिषद भरली. बार्नेवेल्डला आज कोंबड्यांचे एक संग्रहालय आहे, आणि अंडी तोलून त्यांची प्रतवारी करणारी यंत्रे बनवणारा मोठा कारखानाही त्याच गावात आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अंड्यावर येण्यास हलक्या जातीच्या तलंगीला अठरा ते बावीस आठवडे लागतात. बार्नेवेल्डरसारख्या अंगाने भरलेल्या जातींना त्याहून अधिक काळ लागतो. पहिली अंडी साधारण ४० ते ४५ ग्रॅमची असतात. पुढील दोन-तीन महिन्यांत ती झपाट्याने वाढून ५५ ते ६० ग्रॅमपर्यंत जातात. त्यानंतर वाढ मंदावते, पण थांबत नाही. वर्ष भरता भरता चांगल्या जातीची कोंबडी ६३ ते ६५ ग्रॅमचे अंडे देते. पिसे झडून ती पुन्हा अंड्यावर आली की अंडी संख्येने कमी, पण आकाराने आणखी मोठी होतात.

याचे कारण बलकात आहे. कोंबडीच्या पोटात निरनिराळ्या वाढीचे बलक एकाच वेळी असतात, आणि शेवटच्या दहा-एक दिवसांत प्रत्येक बलक भराभर मोठा होतो. तलंगीचे अंग अजून वाढत असते. खाल्लेले अन्न तिला शरीरासाठीही लागते आणि अंड्यासाठीही, म्हणून बलक लहान राहतो. बलक लहान असला की त्याभोवतीचा पांढरा भागही बेताचाच साठतो. वय वाढते तसा बलक मोठा होतो आणि त्याबरोबर सगळे अंडेच मोठे होते. आरंभीच्या दिवसांत शरीराची घडी नीट बसलेली नसते. त्यामुळे कधी दोन बलकांचे, कधी बलकच नसलेले, तर कधी मऊ कवचाचे अंडे पडते. डच लोक अशा मऊ अंड्याला 'वाऱ्याचे अंडे' म्हणतात, आणि एखाद्या धंद्यात चांगला पैसा मिळाला की "त्याने काही वाऱ्याची अंडी घातली नाहीत" असे गमतीने म्हणतात.

सूर्यप्रकाशाचाही यात मोठा हात आहे. हॉलंडमध्ये डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा, तर जूनमध्ये जवळजवळ सतरा तासांचा असतो. दिवस वाढत असताना तलंग मोठी झाली तर ती लवकर अंड्यावर येते, आणि लवकर आलेली तलंग पुष्कळ दिवस लहान अंडी देते. दिवस आखडत असताना वाढलेली तलंग उशिरा सुरू होते, पण तिचे पहिले अंडेही अंगाने बरे असते. म्हणून तेथील कोंबडीपालक तलंगीला दिवा दाखवून घाई करीत नाहीत. आधी तिचे वजन पुरते होऊ देतात. आपल्याकडे दिवस-रात्रीत एवढा फरक नसतो. येथे अडचण उकाड्याची. जानेवारी-फेब्रुवारीच्या उन्हात कोंबडी कमी खाते, त्यामुळे अंडे लहान आणि कवच पातळ होते. तेव्हा सावली, थंड पाणी आणि शिंपल्यांचा चुरा यांत कसूर करू नये.

हॉलंडमध्ये, सर्व युरोपीय संघाप्रमाणेच, दुकानातली अंडी वजनावरून चार वर्गांत लावतात: ५३ ग्रॅमच्या आतील लहान, ५३ ते ६३ मध्यम, ६३ ते ७३ मोठी, आणि ७३ च्या वरची फार मोठी. गिऱ्हाइकाला वाटते की मोठे अंडे म्हणजे उत्तम अंडे. पण कवचासाठी कोंबडीजवळ असलेला चुना अंड्याच्या प्रमाणात वाढत नाही. तोच माल मोठ्या अंड्यावर पसरला की कवच पातळ होते व अंडे लवकर तडकते. तरुण कोंबडीच्या मध्यम अंड्याचे कवच बहुधा अधिक टणक असते. मात्र उबवण्यासाठी पहिल्या आठवड्यांची फार लहान अंडी ठेवू नयेत, कारण लहान अंड्यातून पिल्लूही लहानच निघते.

तराजू वय सांगतो, कवचाचा अंदाज देतो. पण आतले सगळे काही सांगत नाही, हेही हॉलंडनेच दाखवून दिले. २०१७ साली तेथील अंड्यांत फिप्रोनिल हे कीटकनाशक सापडले आणि लाखो अंडी बाजारातून मागे घ्यावी लागली. तो प्रकार मोठ्या फार्मांचा, तेव्हा परसातले अंडे तरी निर्धोक, असे पुष्कळांना वाटले. परंतु २०२५ च्या एप्रिलमध्ये तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने देशभरातील लोकांना घरच्या कोंबड्यांची अंडी न खाण्याचा सल्ला दिला. 'पीफास' या नावाने ओळखली जाणारी, सहसा नाश न पावणारी कारखानदारी रसायने त्या अंड्यांत सापडली होती. मातीतील गांडुळे खाल्ल्याने ती कोंबडीच्या पोटात जात असावीत, असा अंदाज होता. दुकानातील अंड्यांत मात्र त्यांचे प्रमाण पुष्कळच कमी आढळले. ज्या घरांनी मुलांना ताजे अंडे मिळावे म्हणून कोंबड्या पाळल्या, त्यांच्यावर केवढा हा प्रसंग! अंडे लहान की मोठे याची चर्चा आपण करतो; पण कोंबडी कोठली माती उकरते, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. खुराड्याजवळ कचरा जाळणे, जुने रंग, तेल किंवा रासायनिक डबे टाकणे आपणही कटाक्षाने टाळले पाहिजे.

आम्हा शिक्षकांना यात शाळेसाठीही एक चांगला पाठ दिसतो. घरी तलंग असेल तर मुलांनी एक वही करावी, स्वयंपाकघरातील काट्यावर रोजचे अंडे तोलावे आणि तारखेसह वजन लिहावे. तीन महिन्यांनी ते आकडे आलेखावर मांडले की वाढीची रेषा आपोआप उमटेल. गणित, विज्ञान आणि धीर धरण्याची सवय, ही तिन्ही एकाच वहीत साधतील. आणि ती वही भरेपर्यंत तलंगीला पातेले दाखवू नये, एवढीच आमची वाचकांना विनंती आहे.