कंबरदुखी आणि औषधाचे दुकान

कपाशीवर मावा दिसला की शेतकरी कृषी सेवा केंद्र गाठतो. औषध कोणते, पंपास किती मिलिलिटर घ्यावयाचे, दुसऱ्या औषधात मिसळले तर चालेल काय, फवारणीनंतर किती दिवस थांबावयाचे, हे विचारल्यावाचून तो बाटली पिशवीत टाकीत नाही. तोच शेतकरी स्वतःची कंबर धरली म्हणजे मात्र औषधाच्या दुकानी जाऊन फळीवर पैसे ठेवतो आणि "कंबरेची गोळी द्या" एवढेच म्हणतो. पिकावर पडणाऱ्या औषधाविषयी जी चौकसबुद्धी तो दाखवितो, तिच्या निम्मीही स्वतःच्या पोटात जाणाऱ्या औषधाविषयी दाखवीत नाही. या उणिवेची किंमत काही वेळा फार जबर द्यावी लागते.

शेतीची कामे बहुतेक वाकूनच करावी लागतात. भाताची लावणी, खुरपणी, कांद्याची काढणी, ऊसतोडणी आणि मोळीची ओझी यांत कंबरेवर ताण पडतोच. त्यामुळे कंबरदुखी हे शेतकरी कुटुंबात घरोघरचे दुखणे आहे. दवाखाना दूर असतो, कामाचे दिवस मोजके असतात आणि बाजाराच्या गावी औषधाचे दुकान हमखास असते. म्हणून पहिली धाव तेथेच जाणे स्वाभाविक आहे. त्यात गैर काही नाही. मात्र तेथे कोणाला भेटावे व काय बोलावे, हे माहीत असावयास हवे.

फार्मासिस्ट कोण असतो?

औषधाच्या दुकानात फळीमागे उभा असलेला प्रत्येक जण फार्मासिस्ट नसतो. फार्मासिस्ट हा औषधनिर्माणशास्त्राची पदविका अथवा पदवी घेतलेला आणि १९४८ च्या फार्मसी कायद्यान्वये नोंद झालेला माणूस होय. कोणते औषध शरीरात काय करते, किती मात्रेत चालते आणि कोणत्या औषधाशी त्याचे जमत नाही, हा त्याच्या शिक्षणाचाच विषय असतो. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय नियमांनुसार औषध कसे घ्यावे, त्याचे दुष्परिणाम कोणते व काय टाळावे, हे रुग्णास समजावून सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरविले आहे. तेव्हा "फार्मासिस्ट आहेत काय? मला त्यांच्याशी बोलावयाचे आहे," असे विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. या सल्ल्याबद्दल वेगळे पैसे पडत नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रातील औषधनिर्माण अधिकाऱ्याकडेही अशीच विचारणा करता येते.

एक प्रसंग

पुढील प्रसंग कोणत्याही बाजाराच्या गावी घडण्यासारखा आहे. आषाढातील दिवस. चार दिवस चिखलात वाकून भातलावणी केलेला पंचावन्न वर्षांचा शेतकरी हात कंबरेवर ठेवून दुकानात येतो. शेजाऱ्याने दिलेली गोळ्यांची अर्धी पट्टी त्याच्या खिशात असते. तीच पुढे करून तो म्हणतो, "भाऊ, याच गोळ्या आणखी दहा द्या."

फार्मासिस्ट पट्टी उलटसुलट पाहतो व विचारतो, "काका, दुखणे केव्हापासून आहे? कोठे पडलात काय?"

"पडलो नाही. लावणीपासून धरली आहे."

"ताप येतो? पायात कळ उतरते? पाय बधिर होतो? लघवीला त्रास?"

"तसे काही नाही. वाकले की दुखते, आडवे झाले की बरे वाटते."

"दुसरी कोणती औषधे चालू आहेत?"

शेतकरी क्षणभर घुटमळतो. "रक्तदाबाची एक सकाळी घेतो. पाय सुजत होते म्हणून डॉक्टरांनी लघवी साफ होण्याची दिली आहे, तीही घेतो. पण कंबरेशी त्यांचा काय संबंध?"

संबंध होता, आणि तोच महत्त्वाचा होता. खिशातील गोळी डायक्लोफिनॅकची होती. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या वेदनाशामकांमुळे मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो. रक्तदाबाची काही औषधे आणि लघवी वाढविणारी गोळी यांच्या जोडीने ही वेदनाशामके घेतल्यास मूत्रपिंडावर तिहेरी भार पडतो. त्यात दिवसभर घाम गळून पोटात पुरेसे पाणी नसेल, तर मूत्रपिंड अचानक निकामी होण्याचा धोका असतो. फार्मासिस्टाने ती गोळी दिली नाही. चोळण्याचे मलम दिले, शेकण्यास सांगितले आणि आठवड्यात उतार न पडल्यास डॉक्टरांस दाखविण्याची ताकीद दिली. शेतकरी थोडा नाराज होऊन परतला. परंतु त्या दिवशी त्याला मिळालेली सर्वांत मोलाची वस्तू न दिलेली गोळी हीच होती.

गिधाडांची गोष्ट

डायक्लोफिनॅकची शक्ती शेतकऱ्यांस एका वेगळ्या वाटेने ठाऊक असावयास हवी. १९९० नंतरच्या काळात भारतातील गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. दुखण्यासाठी हे औषध टोचलेली जनावरे मरून पडली म्हणजे त्यांचे मांस गिधाडे खात, आणि मूत्रपिंडे निकामी होऊन मरत. हे कारण २००४ साली प्रसिद्ध झाले आणि २००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. माणसाचे शरीर गिधाडाइतके नाजूक नाही आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडे दिवस घेतलेले हे औषध पुष्कळांस उपयोगी पडते. तथापि ते खडीसाखर नव्हे, एवढा बोध यातून घ्यावा. माणसासाठी आणलेले हे औषध बैलास अथवा म्हशीस मुळीच टोचू नये.

वेदनाशामकाविषयी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. ज्या पट्टीवर उभी लाल रेघ असते, ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घ्यावयाचे नसते.

२. पोटात व्रण, दमा, हृदयविकार, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार अथवा रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास ते प्रथम सांगावे. गरोदर स्त्रीने डॉक्टरांस विचारल्यावाचून वेदनाशामक घेऊ नये. उपाशीपोटी गोळी घेऊ नये. काळी शौच झाल्यास पोटात रक्तस्राव होत असण्याचा संभव असतो. गोळी थांबवून तत्काळ दवाखाना गाठावा.

३. पॅरासिटामॉल त्यामानाने सौम्य आहे. परंतु प्रौढ माणसाने २४ तासांत ४ ग्रॅमहून, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांहून, अधिक कधीही घेऊ नये. दारूचे व्यसन, यकृताचा विकार वा अशक्तपणा असल्यास त्याहूनही कमी घ्यावे. सर्दीतापाच्या अनेक गोळ्यांत हेच औषध असते. न कळत दुप्पट मात्रा होऊ नये. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका मोठ्या चाचणीत या गोळीने कंबरदुखी लवकर बरी होते असे दिसले नाही. म्हणून तिच्यावर फार भिस्त ठेवू नये.

४. नावाची पट्टी नसलेल्या सुट्या गोळ्या अथवा पुड्या कोणीही दिल्या तरी घेऊ नयेत. अशा पुड्यांत स्टेरॉइड असू शकते. त्याने पहिल्या दिवशी जादू झाल्यासारखे वाटते. पुढे रक्तातील साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि औषध एकदम बंद केल्यास जिवावर बेतू शकते.

दुकानी नव्हे, दवाखान्यातच

काही लक्षणे दिसल्यास दुकानात वेळ दवडू नये. लघवी वा शौच यांवरील ताबा जाणे, जांघेत व बैठकीच्या भागी बधिरपणा येणे, पायातील शक्ती जाणे ही लक्षणे असल्यास त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. विलंब झाल्यास कायमचे पंगुत्व येऊ शकते. झाडावरून, बैलगाडीतून अथवा ट्रॅक्टरवरून पडल्यानंतरचे दुखणे, रात्री झोपूनही न थांबणारी कळ आणि कमी होत जाणारे वजन यांचीही तपासणी लवकर झाली पाहिजे. संध्याकाळी बारीक ताप येऊन पाठीचा कणा दुखत असल्यास मणक्याचा क्षय असू शकतो. त्यावर सरकारी दवाखान्यात उपचार विनामूल्य मिळतात. बरगडीखालून जांघेकडे उतरणारी असह्य कळ पुष्कळदा मुतखड्याची असते.

बाकीची साधी कंबरदुखी बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरी होते. खाटेवर पडून राहिल्याने ती लांबते. सोसेल तितके चालावे, हलकी कामे करावीत, गरम पाण्याच्या पिशवीने शेकावे. मात्र मलम चोळल्यावर त्याच जागी लगेच शेकू नये. जुनाट कंबरदुखीत कंबरपट्टा नेहमीचा उपाय म्हणून वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनात सांगितले आहे. व्यायामावर मात्र तिचा भर आहे.

दुखणे परत येऊ नये म्हणून

औषधाहून कामाची रीत बदलणे अधिक हिताचे असते. युरियाची गोणी २०१८ पासून ५० ऐवजी ४५ किलोची झाली, तरी ती एकट्याने उचलणे टाळावे. दोघांनी, गुडघे वाकवून, ओझे अंगाजवळ धरून उचलावी. ओझे उचलताना कंबरेत पीळ देऊ नये. सोळा लिटरचा पंप पाठीवर जड होत असेल तर तो अर्धाच भरावा. मात्र औषधाची मात्राही निम्मी घ्यावी. उभ्याने चालविता येणारे सायकल कोळपे वापरल्यास खुरपणीतील वाकणे पुष्कळ कमी होते. लावणीत व काढणीत दर तासाभराने उठून कंबर सरळ करावी आणि पाणी प्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी फवारणीच्या औषधाविषयी बोलताना दोन शब्द या औषधाविषयीही बोलावेत. प्रत्येक कुटुंबाने घरात चालू असलेल्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत ठेवाव्यात आणि दुकानी जाताना ती पिशवी बरोबर न्यावी. गोळ्यांची नावे तोंडपाठ नसली तरी फार्मासिस्ट त्या पाहून चटकन ओळखतो. बियाणे घेताना पिशवीवरील खूण वाचणारा शेतकरी स्वतःची गोळीही वाचून घेऊ लागला, तर कंबरेच्या दुखण्यापायी मूत्रपिंड गमावण्याची पाळी पुष्कळांवर येणार नाही.