पन्नाशींतील पोरपण
पॉप-पंक म्हणजे द्रुत लय, गिटारचा दणदणाट आणि पोरकट थट्टा. कॅलिफोर्नियांतील ‘ब्लिंक-१८२’ ह्या त्रयीनें १९९९ सालीं ह्याच गुणांवर कीर्ति मिळविली. पुढें २००५ व २०१५ सालीं फाटाफूट झाली. २०२२ सालीं तिघे पुन्हां एकत्र आले, तेव्हां रसिकांनीं जुन्याच सुराचा हट्ट धरिला. मला तो अनुचित वाटतो. तालवादक बार्कर २००८ च्या विमान-अपघातांत होरपळला, गायक हॉपसला २०२१ सालीं कर्करोगानें गांठलें. ह्या आपत्तींचेच पडसाद २०२३ च्या ‘वन मोअर टाइम’ ह्या मंद लयीच्या गीतांत आहेत, आणि तेंच खरें उतरलें आहे. त्याच संग्रहांतील जुन्या धर्तीचीं गीतें ऐकतांना मात्र, पन्नाशीच्या गृहस्थानें मुंजींतील लंगोटी नेसून मिरवावें, तसें वाटतें. बार्करच्या हातांतील चापल्य तेवढें टिकून आहे.